सिस्टरच्या दवाखान्यातलं पाणी

माझी नात 'मिडिव्हल', म्हणजे मध्ययुगीन, हा शब्द शिवीसारखा वापरते. लिफ्ट बंद पडली की मिडिव्हल, वायफाय गेलं की मिडिव्हल. मी तिच्या मैत्रिणीच्या कपड्यांवर काही बोलले की, "नानी, प्लीज, दॅट इज सो मिडिव्हल." मागच्या ईदेला दुबईच्या मरीनातल्या त्यांच्या फ्लॅटवर जेवणं झाली आणि तिच्या आईनं, म्हणजे माझ्या थोरल्या मुलीनं, पाहुण्यांसमोर आपली नेहमीची गोष्ट काढली.

"मिडिव्हल बघायचं असेल तर माझा जन्म झाला ते हॉस्पिटल बघायला हवं होतं," ती म्हणाली. "वाळूत दोन खोल्या, नन्स चालवायच्या. त्यांचं घाण पाणी पिऊन मी ऑलमोस्ट गेले होते. विचारा अम्मीला."

"ओह माय गॉड," नात म्हणाली, "लाइक द डार्क एजेस."

सगळे हसले. मी बिर्याणीचं पातेलं उचललं आणि आत गेले. ही गोष्ट मुलीला लहानपणी मीच सांगितली होती, आणि ती खोटी आहे.

मी जात्याच संशयी. दूध दोनदा हुंगल्याशिवाय चुलीवर ठेवत नाही. कुणी गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकते. शाळेत असतानाही तशीच होते, पण मास्तरांच्या बाबतीत मात्र नाही. छापलेलं आणि मास्तरांनी सांगितलेलं मी डोळे मिटून गिळायची. रत्नागिरीला मी मॅट्रिकपर्यंत शिकले. आमच्या वाडीत तेवढी शिकलेली मुसलमान मुलगी मी एकटीच, आणि त्याचा मला ताठा होता. इतिहासाचे मास्तर 'मध्ययुगीन युरोप' हा धडा फार रंगवून शिकवायचे. अंधारयुग म्हणजे अंधारयुग, ते म्हणायचे. हजार वर्षं लोकांनी अंघोळ केली नाही. पृथ्वी सपाट आहे असं पाद्री सांगत, आणि कुणी विचार करताना दिसला की त्याला जाळत. परीक्षेत यावर टीप आली तेव्हा मी दोन पानं लिहिली. मास्तरांनी माझा पेपर वर्गात वाचून दाखवला.

शिवाय आमच्या किनाऱ्यावर एक गोष्ट घरोघरी ठाऊक असते. फिरंगी आले, रात्रीतून विहिरीत पाव टाकून गेले, सकाळी गाव त्या विहिरीचं पाणी प्यायलं आणि बाटलं. खरं तर आम्हा मुसलमानांना या गोष्टीशी काय देणंघेणं? पाण्यानं कुणाचा धर्म जातो असं आमच्यात नाही, हे मौलवीसाहेब हसून सांगायचे. पण गोष्ट शेजारच्या विहिरीवरून आमच्याही घरात आली आणि राहिली. माझी सासू तर ती अशी सांगायची की जणू पाव टाकणाऱ्याला तिनं पाहिलाच होता.

साठचं दशक लागलं तशी मी लग्न करून दुबईला आले. हे खाडीवरच्या एका व्यापाऱ्याकडे कारकून होते. लाँचमधून माल उतरला की मोजून घ्यायचा, हे त्यांचं काम. आम्ही देऱ्यात, खाडीकाठच्या जुन्या वस्तीत राहायचो, खजुराच्या झावळ्यांच्या भिंती असलेल्या घरात. पाणी गाढवावरून यायचं, रॉकेलच्या धुतलेल्या डब्यांतून. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी मी घरातच होते. सातव्या महिन्यात मूल गेलं. एक म्हातारी दाई तेवढी होती, तिनं दोन्ही हात वर केले आणि अल्लाची मर्जी म्हणाली.

दुसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा ह्यांनी ठरवूनच टाकलं.

"खलास," हे म्हणाले, "या वेळी मी कुणाचं ऐकणार नाही. तिकडे आत वाळवंटात सिस्टर लोकांचा दवाखाना आहे. शेठजींची सून तिथेच गेली होती. एकदम फर्स्ट क्लास काम करतात, सगळे बोलतात."

"त्या सिस्टर म्हणजे पाद्रिणी ना?"

"असू दे. बाळंतपण करतात ना? खलास."

मी सासूला पत्र लिहिलं. लाँचनं गेलेल्या पत्राचं उत्तर दीड महिन्यानं आलं. गावातल्या मुलाकडून लिहवून घेतलेल्या त्या पत्रात सगळं सोडून एकच गोष्ट होती: त्यांचं पाणी पिऊ नकोस, पोरीला पाजू नकोस, त्यांचा पाव खाऊ नकोस. पोरगीच होणार हे तिनं कसं ओळखलं, देव जाणे. मी ते पत्र चोळीत ठेवलं. सोबत घरचं पाणी भरलेले दोन डबे घेतले. ह्यांना सांगितलं, तिथलं पाणी मला मानवायचं नाही. ह्यांनी कपाळाला हात लावला आणि डबे गाडीत चढवले.

दवाखाना म्हणजे मातीच्या दोन खोल्या, एक पडवी आणि मागे खजुराची बाग. चौघी सिस्टर होत्या. माझ्या वाट्याला आली ती सगळ्यांत थोरली, उंच, हाडकुळी, नाकावर उन्हानं सोललेली कातडी. आधी बरीच वर्षं ती कराचीत होती, त्यामुळे हिंदी बोलायची. व्याकरण तिचं तिनंच बनवलेलं होतं. पहिल्याच दिवशी तिनं माझ्यासमोर गरम पाव ठेवला. पावाच्या पाठीवर सुरीनं काढलेली फुली होती. चांगली ठसठशीत फुली. मी पाव घेतला, शुक्रिया म्हटलं आणि ती गेल्यावर तो खाटेखाली सारला. दुसऱ्या दिवशी तिथे मुंग्यांची रांग लागली तेव्हा सिस्टरनं वाकून पाहिलं.

"क्यों? अच्छा नहीं लगा?"

"हमको पाव चलता नहीं."

"ऊपर का क्रॉस देखा?" ती हसली. "वो काटता है तो अच्छा फूलता है. बस."

बस म्हणे. बाहेरच्या देशात येऊन फुकट बाळंतपणं करणारी बाई आणि तिच्या पावावरची फुली फक्त फुगण्यासाठी? कुठंतरी पाणी मुरत होतं, याबद्दल मला शंका नव्हती. मी त्यांच्या माठाला हात लावला नाही. ह्यांनी दिलेल्या खजुरावर आणि डब्यातल्या पाण्यावर राहिले.

बाळंतपण अवघड झालं. दीड दिवस लागला. त्या दीड दिवसात थोरली सिस्टर माझ्याजवळून हलली नाही, हे मला लिहायलाच हवं. मुलगी झाली. ह्यांनी तिच्या कानात अजान दिली तेव्हा सिस्टर दाराशी जाऊन पाठ करून उभी राहिली. मी तेही संशयानंच पाहिलं. हिला हे बघवत नाही, असं मला वाटलं. आम्हाला एकांत मिळावा म्हणून ती वळली असेल, हे सुचायला फार वर्षं गेली. दुपारी हे कामावर परत गेले. मला टाके होते, दहा-बारा दिवस तिथेच राहायचं होतं.

दुपारी दवाखाना बंद असायचा. सिस्टर माझ्या खाटेजवळ बसून धुतलेल्या पट्ट्या गुंडाळायची. मी गप्प बसणारी नव्हे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी तिला सरळ विचारलं की तुमच्या मुलखात हजार वर्षं लोक अंघोळ करत नव्हते, हे खरं ना?

ती इतकी हसली की पट्टी तिच्या हातातून सुटून खोलीभर उलगडत गेली.

मग तिनं सांगायला सुरुवात केली. तिच्या गावात जुन्या हमामाच्या नावाची एक गल्ली होती. त्या काळात गावोगाव तसे हमाम होते, लोक रांगा लावून जात. नंतरच्या लोकांनी ते बंद केले, आधीच्यांनी नव्हे. पृथ्वी गोल आहे हे शिकलेल्या पाद्र्यांना चांगलं ठाऊक होतं, त्यावर ते पुस्तकं लिहीत. आजाऱ्यांसाठी घरं काढली ती मठवाल्यांनीच. तिच्यासारख्याच बायका तिथे चादरी राखेच्या पाण्यात उकळायच्या. शहरांतल्या विद्यापीठांत वैद्य शिकायचे ते अरबीतून लॅटिनमध्ये आणलेल्या पुस्तकांवर.

"तुम्हारा लोग का किताब," ती म्हणाली.

इथे माझे कान टवकारले. मुसलमान बाई समोर आहे म्हणून लोणी लावते आहे, हे मी ओळखलं.

"और जलाया नहीं?" मी विचारलं. "लोगों को जलाया नहीं?"

तिचे हात थांबले. "जलाया," ती म्हणाली. "उस टाइम भी जलाया. बाद में तो और ज्यादा. वो डायन बोलके औरतों को जलाया, वो ज्यादा बाद का है, जब छापखाना आया, सब होशियार हो गया, तब."

"फिरंगी हमारे किनारे पर भी आए थे."

"मालूम है. वो भी बाद का है." पट्टी पुन्हा गुंडाळायला घेत ती म्हणाली, "वो ज्यादा बुरा है न? अंधेरा था, ऐसा भी नहीं बोल सकता."

मला राग आला. मास्तरांनी वाचून दाखवलेली ती दोन पानं कुणीतरी माझ्या देखत टराटरा फाडतंय असं वाटत होतं. ती तर बोलणारच, मी मनात म्हटलं, तिचीच माणसं ती. मी भिंतीकडे तोंड करून झोपले.

आता घुटीबद्दल. आमच्याकडे बाळाला पहिल्या दिवसांपासून बाळघुटी देतात. हिरडा, वेखंड, हळकुंड, जायफळ, सगळं सहाणेवर पाण्याचे थेंब घालून उगाळायचं आणि बोटानं बाळाच्या जिभेला लावायचं. पोट साफ राहतं, बाळ बाळसं धरतं. माझ्या आईनं लग्नात दिलेली काळी सहाण मी कपड्यांच्या बोचक्यात आणली होती. सिस्टरनं पहिल्याच दिवशी ताकीद दिली होती की बाळाला आईच्या दुधाशिवाय थेंबभरही काही द्यायचं नाही. म्हणूनच मला दाट संशय आला. आमचं काही पोटात जाऊ नये आणि त्यांचं तेवढं जावं, असा तिचा डाव असणार. मी रोज ती बाहेर गेली की सहाण काढायची, डब्यातल्या पाण्यात घुटी उगाळायची आणि पोरीला चाटवायची. वर दोन चमचे पाणीही द्यायची, उन्हाळा म्हणून.

सहाव्या दिवशी पोरीला जुलाब सुरू झाले.

संध्याकाळपर्यंत तिचा रडण्याचा आवाजही बसला. टाळू खाली गेली. सिस्टरनं तिच्या मांडीत सुई घालून सलाईन दिलं, तेव्हा पोर थोडी टवटवीत झाली. मी काय केलं? पोट बिघडल्यावर घुटी जास्त द्यायची असते, म्हणून दुप्पट दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पहिल्याहून वाईट. सिस्टरला काही कळेना. तिनं सगळी भांडी उकळली, आपले हात लाल होईपर्यंत घासले, मलाही परत परत विचारलं, "कुछ दिया? कुछ भी?" मी नाही म्हटलं. मला वाटत होतं, हिनंच काहीतरी दिलंय आणि आता मलाच विचारते आहे. असंही वाटत होतं की दुसरं मूलही जाणार. रडूही येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझा डोळा लागला आणि उघडला तेव्हा सिस्टर पोरीवर वाकली होती. तिचा हात ओला होता. वाटीतलं पाणी, ओली बोटं, पोरीचं कपाळ. मी खाटेवरून उठले, टाके ओढले गेले तरी उठले आणि तिचा हात धरला.

"क्या किया? पानी डाला? उसको ईसाई किया?"

ती वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. ती नाही म्हणेल, याची मला खात्री होती आणि ते 'नाही' खोटं असणार, याचीही होती.

"मन में आया था," ती म्हणाली. "सच बोलूं तो आया था. बच्चा मरने जैसा हो तो हमारा लोग पानी डालता है, मां-बाप को नहीं पूछता. पुराना कायदा है, आज भी है. मैं पानी हाथ में लिया. फिर सोचा, इसका बाप ने कान में अजान दिया है. मेरा बच्चा नहीं है." तिनं वाटी खाली ठेवली. "बुखार था, तो उसी पानी से माथा पोंछा. बस."

पहिल्या दिवशीचं तेच 'बस'. पण या वेळी मला ते खरं वाटलं. आजही वाटतं. कारण नाही म्हणून तिला सुटता आलं असतं. मी तिच्याबद्दल जे सगळ्यांत वाईट समजत होते, त्यातलं अर्धं तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. आणि मी तीन दिवस तिच्या डोळ्यांत बघून खोटं बोलत होते.

मी बोचकं सोडलं. सहाण काढली, मुळ्या काढल्या, खाटेखालचा डबा पुढे ओढला.

सिस्टरनं डबा हुंगला. मग काचेच्या पेल्यात पाणी ओतून दाराशी उजेडात धरलं. "देखो," ती म्हणाली. पाण्यात दोऱ्याच्या तुकड्यांएवढे किडे वळवळत होते. ज्या लोकांनी हजार वर्षं अंघोळ केली नाही म्हणून मी परीक्षेत दोन पानं लिहिली, त्यांच्यातल्या बाईसमोर मी तो पेला बघत उभी होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणी तिनं बाहेर वाळूत ओतलं. मला वाटलं सहाणही फेकेल. तिनं ती मोठ्या पातेल्यात घातली, अर्धा तास उकळली आणि फडक्यात गुंडाळून, अजून गरम असतानाच, माझ्या हातात परत दिली.

"मां ने दिया है न? रखो. बच्चा बड़ा हो जाए, फिर."

ती एवढंच बोलली. चार दिवसांत पोर सावरली. मी त्यांच्या माठातलं पाणी प्यायले आणि फुलीवाला पावही खाल्ला. चांगला होता.

गोष्ट इथे संपली असती तर ती मी मुलीला आनंदानं सांगितली असती. हे न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, पोर एवढी वाळली कशी? मी म्हटलं, पोट बिघडलं होतं. कशानं? आणि मी, ताठ मानेची, मॅट्रिक पास बाई, म्हणाले, "दवाखान्याचं पाणी." तोंडातून गेलं ते गेलं. पहिलं मूल गेल्यावर दुसऱ्याला मी माझ्या हातानं मारायला निघाले होते, हे नवऱ्याला सांगायची माझी छाती झाली नाही. मग सासूला पत्र लिहिलं, त्यातही तेच. सासूनं ते गावभर केलं, कारण तिचं म्हणणं खरं ठरलं होतं. पुढच्या लाँचबरोबर गोष्ट परत खाडीवर आली, तेव्हा तिच्यात पावाची भर पडली होती. त्यानंतरच्या फेरीत पोरीच्या कपाळावर फुली काढल्याचंही आलं.

वर्षभरानं आमच्या शेजारणीला दिवस गेले. ती श्रीवर्धनकडची, माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिच्या नवऱ्याच्या मनात होतं तिला सिस्टरकडे पाठवायचं. गावाहून तिच्या सासूचं पत्र आलं, त्यात माझ्या पोरीचा दाखला होता. एका सकाळी ती पोट सांभाळत माझ्या दारात आली.

"भाभी, तुम्ही खरं सांगा. त्यांच्या पाण्यानंच झालं ना?"

माझी पोर तिच्या पायांशी रांगत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. दोन शब्दांचं काम होतं.

"मी डोळ्यांनी पाहिलंय ना सगळं," मी म्हणाले. "आता तू बघ, तुला काय वाटतं ते."

ती सिस्टरकडे गेली नाही. घरीच बाळंत झाली, त्याच म्हाताऱ्या दाईच्या हातांनी. मुलगा होता. दोन दिवस जगला. मी तिच्यासाठी पेज घेऊन गेले, तिचे केस विंचरले, तिच्याबरोबर रडले. सिस्टरच्या हाताखाली तो वाचला असता का, मला माहीत नाही. मी कितीदा तरी स्वतःला सांगितलं की नसताच वाचला. पण तिला निवडू मी दिलं नाही.

दवाखाना नंतर काही वर्षांत बंद झाला. सिस्टर कुठे गेली, मी कधी चौकशी केली नाही. चौकशी केली असती तर तिच्यासमोर उभं राहावं लागलं असतं.

मागच्या ईदेनंतर मी नातीला बसवून सगळं सांगितलं. ती फोन बाजूला ठेवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सो यू मेड इट अप? द होल थिंग?" मी हो म्हटलं. तिच्या आईला अजून सांगायचं आहे. या वयात तिच्या जन्माची गोष्ट बदलून द्यायची आहे आणि ती रागावणार, ते बरोबरच आहे.

पण त्याआधी हे लिहिलं ते शेजारणीसाठी. ती श्रीवर्धनला असते, ऐकू नीट येतं, डोळे गेलेत. दर शुक्रवारी आम्ही फोनवर बोलतो आणि दर शुक्रवारी मी हवापाण्याचं बोलून ठेवून देते. हे छापून आलं की तिचा धाकटा तिला वाचून दाखवील, मी त्याला सांगून ठेवलंय. तर ऐक. त्या सकाळी तू माझ्या दारात उभी राहून विचारलं होतंस. पाणी त्यांचं नव्हतं. माझं होतं.